झोपेआधीचा पेग आणि अडकलेला श्वास

"रात्री एक पेग घेतला की झोप कशी मस्त लागते," हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कोण बोलतंय तेही बघायची गरज वाटत नाही. सासरे म्हणायचे, सोसायटीतले काका म्हणतात, ऑफिसमधले रिटायरमेंटला आलेले साहेब म्हणायचे, नवऱ्याचे मित्र तर म्हणतातच. आणि यातलं कोणी खोटं बोलत नाही हे मी आधीच सांगून टाकते. दारूने झोप लवकर लागते हे खरं आहे, पहिले काही तास ती गाढही लागते, हे डॉक्टरही मान्य करतात. पण ज्या माणसाला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे त्याच्यासाठी हीच गाढ झोप किती जिवावरची असू शकते, हे मला नवऱ्याच्या शेजारी रात्र रात्र जागून कळत गेलं. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, पण घरात हा आजार आला की माणूस वाचायला लागतो, डॉक्टरांना प्रश्न विचारायला लागतो. त्यातून जे कळलं ते मनापासून सांगावंसं वाटतंय, कारण पिणाऱ्याला स्वतःला यातलं काहीच दिसत नाही, तो झोपलेला असतो.

आधी आजाराबद्दल. झोपल्यावर आपल्या सगळ्यांचेच स्नायू सैल पडतात, घशातलेही. जिभेच्या मागे घशाचा जो भाग आहे त्याला हाडाचा वगैरे आधार नसतो, तो उघडा राहतो तो फक्त स्नायूंच्या जोरावर, आणि त्यातलं मोठं काम जिभेचा स्नायू करतो, तो जीभ पुढे धरून ठेवतो. ज्यांचा घसा मुळातच अरुंद, जबडा थोडा मागे, मान जाड, वजन वाढलेलं, त्यांच्या बाबतीत झोपेत श्वास आत ओढताना हा भाग मिटतो. छाती हलते, पोट हलतं, पण हवा काही आत जात नाही. हे १० सेकंद किंवा त्याहून जास्त चाललं की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. मग रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मेंदूला ते कळतं आणि तो माणसाला अगदी क्षणभर जागं करतो. तेवढ्या क्षणात घसा ताणला जातो, मोठा घुर्र आवाज करत श्वास आत येतो आणि पुन्हा झोप. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. तासाला असे प्रकार ५ पेक्षा कमी असतील तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर गेले की तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एक, रात्रभर!

ही जी क्षणभराची जाग आहे ना, सगळं तिच्यावर अडकलंय. झोपेचा सत्यानाश तीच करते, दिवसभर पेंगायला लावते, मीटिंगमध्ये, गाडी चालवताना डोळा लागतो तो तिच्यामुळेच. पण त्याच वेळी तीच माणसाचा श्वास परत आणते. दारू नेमकी तिच्यावर घाला घालते. एकीकडे घशाचे स्नायू अजून ढिले पडतात, म्हणजे घसा मिटायचं प्रमाण वाढतं, नाकाच्या आतलं अस्तर सुजून नाक चोंदतं ते वेगळंच. आणि दुसरीकडे मेंदू गुंगीत असतो, ऑक्सिजन उतरला तरी त्याला उशिरा जाग येते. म्हणजे श्वास थांबणार जास्त वेळा, थांबून राहणार जास्त वेळ, आणि ऑक्सिजन उतरणार जास्त खाली. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं, काय शांत झोपलाय.

आमच्याकडे निदान व्हायच्या आधीची गोष्ट. आषाढ संपत आला होता, कर्जतच्या बाजूला नवऱ्याच्या मित्राचं फार्महाऊस आहे तिथे सगळे गटारीला जमलो होतो. मटण, भाकरी, बायकांच्या गप्पा एका खोलीत आणि पुरुषांची बैठक पडवीत, बाहेर धो धो पाऊस. रात्री उशिरा जेवणं झाली आणि पुरुष मंडळी हॉलमध्ये गाद्यांवर आडवी झाली. मी पाणी प्यायला उठले तर हॉलमधून नवऱ्याचं घोरणं येत होतं, ते माझ्या ओळखीचंच, पण मध्येच बंद झालं आणि बराच वेळ सुरूच होईना म्हणून मी आत जाऊन त्याच्या उशाशी बसले. उताणा पडला होता, तोंड उघडं, हनुवटी छातीला टेकलेली. अंगावरची चादर पोटापाशी वर-खाली होत होती, चांगली जोरात, म्हणजे श्वास घ्यायचा प्रयत्न चालू होता. मी तळहात नाकासमोर धरला, हवाच नाही. पोट आत ओढलं जातंय, गळ्याच्या खालच्या खळग्यात कातडी आत जातेय, आणि तळव्याला काहीच लागत नाही. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही, पण घरी मी जेवढं थांबताना ऐकलं होतं त्यापेक्षा नक्कीच खूप जास्त. मग एकदम पाय झटकला, घशातून आवाज आला आणि हवा आत गेली.

मला जास्त भीती कशाची वाटली सांगू? घरी असा श्वास अडकला की तो थोडा चाळवायचा, कुशीवर वळायचा, आणि कुशीवर गेला की पुढचा काही वेळ जरा बरा जायचा. त्या रात्री तो वळतच नव्हता. श्वास अडकायचा, सुटायचा, आणि पुन्हा त्याच उताण्या अवस्थेत पुढचा अडकायचा. शेवटी मी आणि मैत्रिणीने मिळून त्याला डाव्या कुशीवर केलं, पाठीला दोन उशा लावल्या, आणि मी पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिले. सकाळी बाकीचे म्हणत होते, काय ढाराढूर झोपला होता, तोफा डागल्या तरी उठला नसता. आणि त्याचं डोकं मात्र इतकं दुखत होतं की चहाही नको म्हणाला. ते सकाळचं डोकं दुखणं लोक हँगओव्हर म्हणून सोडून देतात. असतोही हँगओव्हर, पण अ‍ॅप्नियावाल्यांना न पिताही सकाळी डोकं दुखतं.

त्यानंतर स्लीप स्टडी झाली. डोक्याला चिकट पेस्टने लावलेल्या वायरी, छातीला एक पट्टा, पोटाला एक पट्टा, नाकाखाली बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, आणि म्हणे आता नेहमीसारखे झोपा. रिपोर्टमधला ऑक्सिजनचा आलेख मी अजून विसरले नाही, करवतीच्या दातांसारखा, खाली-वर खाली-वर, पानभर. त्याचा आकडा ३० च्या वरचा निघाला. आणि तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट बोलता बोलता सांगितली ती मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी विचारलं, तपासणीच्या दिवशी घेतली होती का? आम्ही म्हटलं नाही, लॅबवाल्यांनीच नको सांगितलं होतं. तर म्हणाले, मग हा आकडा कोऱ्या रात्रीचा आहे, घेतलेल्या रात्री याच्यावर किती जातो ते या कागदावर नाही. म्हणजे ज्या माणसाचा रिपोर्ट सौम्य आलाय आणि जो आठवड्यातून चार रात्री पितो, त्याने तो सौम्य शब्द वाचून निर्धास्त व्हायचं काही कारण नाही.

आता किती घेतली म्हणजे जास्त, हा प्रश्न येतो आणि इथे आपल्याकडचा हिशेब फार गमतीने चुकतो असं नाही, धोकादायक रीतीने चुकतो. छोटा पेग ३० मिली, आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे एका छोट्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम. लार्ज म्हणजे २०. नाइन्टी म्हणजे ३०. क्वार्टर १८० मिलीची, तिच्यात ६० ग्रॅम. आता जे म्हणतात की मी कडक काही घेत नाही, फक्त बिअर, त्यांच्यासाठी सांगते, स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची असेल तर तिच्यात ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल होतं. म्हणजे चार छोटे पेग. दोन बाटल्या म्हणजे आठ! शरीर साधारण तासाला एका छोट्या पेगाइतकं, कधी त्याहूनही कमी, अल्कोहोल मोडतं. मी हे एकदा आमच्या डायनिंग टेबलावर वहीत मांडून नवऱ्याला दाखवलं, साधी त्रैराशिकं, बँकेतल्या बाईला ती जमतातच. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत होता.

त्यात आपली पिण्याची पद्धत. आपल्याकडे जेवताना पिणं फारसं नाही, जेवणाआधी बसायचं. नऊला बसायचं, चकणा, गप्पा, शेवटचा पेग साडेअकराला, मग बाराला जेवण, मग पोट टम्म भरून थेट गादीवर. म्हणजे रक्तात दारू भरपूर असतानाच माणूस आडवा होतो, तोही बऱ्याचदा उताणा, आणि जीभ मागे पडायला उताणं झोपणं अगदी सोयीचं. वर भरल्या पोटी आडवं झाल्याने घशाशी आंबट येतं ते आहेच. डॉक्टर सांगतात की घ्यायचीच असेल तर कमी घ्या आणि शेवटचा घोट आणि झोप यात निदान तीन-चार तास जाऊ द्या. आपल्या बैठकीच्या वेळापत्रकात हे तीन-चार तास बसतच नाहीत. हे वेळेचं गणित मला पेगच्या हिशेबाइतकंच महत्त्वाचं वाटतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

बरं, रात्रीच्या दुसऱ्या भागात तरी सुटका होते का? तर तसंही नाही. दारू पहिल्या भागात स्वप्नांची झोप दाबून टाकते. ती उतरायला लागली की दाबलेली स्वप्नझोप उसळून येते, झोप तुटक होते, घाम येतो, तोंड कोरडं पडतं, तीन-चारला टक्क जाग येते. आणि स्वप्नांच्या झोपेत आपले स्नायू सगळ्यात सैल असतात, त्यामुळे अ‍ॅप्नियावाल्यांपैकी बरेच जण याच काळात सगळ्यात जास्त अडकतात. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं तेही दोन्ही बाजूंनी येतं, दारू लघवी रोखणारं हार्मोन कमी करते आणि अ‍ॅप्नियात हृदयावर ताण येऊन लघवी जास्त तयार होते. घरातले म्हणतात प्रोस्टेट दाखवून घ्या. प्रोस्टेट दाखवावंच, पण झोपही दाखवावी.

हे सगळं काही काल-परवा कळलेलं नाही. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून नाकातून दाबाने हवा सोडायचं यंत्र बनवलं आणि १९८१ मध्ये त्याबद्दल लिहिलं, तेच आजचं सीपॅप मशीन. आणि लगेच १९८२ मध्ये याच सुलिव्हन यांचा, सहकारी इसा यांच्यासोबत, दारू आणि घोरणं यावर अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसते घोरणारे जे होते त्यांच्यातही दारू घेतल्यावर श्वास अडकायला लागला, आणि ज्यांना आधीच आजार होता त्यांचं अडकणं वाढलं, विशेषतः झोपेच्या पहिल्या तासात. म्हणजे आज "मी फक्त घोरतो हो, अ‍ॅप्निया वगैरे नाही" म्हणणारा माणूस पिऊन झोपला की त्या रात्रीपुरता अ‍ॅप्नियाचा पेशंट होऊ शकतो, हे चाळीसपेक्षा जास्त वर्षं माहीत आहे. २०१८ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा जास्त पिणाऱ्यांमध्ये या आजाराचा धोका सुमारे २५ टक्के जास्त दिसला. आणि आपल्या देशात काम करायच्या वयातल्या साधारण १० कोटी ४० लाख लोकांना हा आजार असावा असा दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांचा २०२३ चा अंदाज आहे. यातले तपासलेले किती थोडे असतील याचा विचार केला की पोटात गोळा येतो.

मशीन आल्यावर आमच्याकडे नवा प्रश्न आला. मित्र म्हणायला लागले, आता काय, मशीन आहे ना, घे बिनधास्त. याचं प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. मास्क नीट लावलेला असेल तर मशीन घसा उघडा धरून ठेवतं, बेताने प्यायलेल्या माणसातही तेवढाच दाब पुरतो, असं १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. तेव्हा मशीन दारूपुढे हरतं असं मी म्हणणार नाही. हरतो तो मास्क लावणारा हात. प्यायलेला माणूस मास्क लावायचा विसरतो, किंवा लावून तासाभरात झोपेतच ओढून काढतो, नाहीतर तोंड उघडं टाकतो आणि हवा तोंडातून निघून जाते. मशीनच्या अ‍ॅपमध्ये सकाळी दिसतं ना, किती तास वापरलं, किती गळती झाली. बैठकीच्या रात्रीचा तासांचा खांब बुटका, हे मी त्या स्क्रीनवर पाहिलंय. आणि ट्रिपला जाताना तर मशीन घरीच राहतं, "दोन दिवसांसाठी कशाला ते बोचकं," म्हणजे ज्या रात्री सगळ्यात जास्त पिणं होणार नेमक्या त्याच रात्री मास्क नाही. आता आमची मशीनची बॅग सगळ्यात आधी गाडीत जाते, मालवणला जा नाहीतर गोव्याला. शिवाय मशीन श्वास सांभाळतं, दारूने तुटलेली झोप ते सांधू शकत नाही.

श्रावणाबद्दल लिहायलाच हवं, कारण आपल्या मराठी घरांना हा एक महिना आयताच मिळालाय. नवरा श्रावण पाळतो, सासूबाईंची पद्धत, मांस-मच्छी नाही आणि दारू नाही. निदानाच्या आधीही श्रावणात खोलीतला आवाज उतरतो हे मला जाणवायचं. तो म्हणायचा हलकं जेवण असतं म्हणून. असेलही थोडं. पण श्रावणाच्या पहिल्या काही रात्री उलटंच व्हायचं, त्याला झोपच लागायची नाही, कूस बदलत राहायचा, चिडचिड, आणि म्हणायचा, बघ, न घेता मला झोपच येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की रोजची सवय तुटली की सुरुवातीला असंच होतं, मेंदू गुंगीशिवाय झोपायला परत शिकत असतो. इथेच बरेच जण हार मानतात आणि "मला पेग लागतोच" असं ठरवून टाकतात. त्या रात्री निघून जाऊ द्याव्यात. मात्र जो रोज खूप पितो, ज्याला सकाळी हात थरथरतात, त्याने एका रात्रीत स्वतःच्या मनाने बंद करू नये, फिट येण्यापर्यंत गोष्टी जातात, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. आणि श्रावणात घोरणं कमी झालं याचा अर्थ आजार गेला असाही नाही, घसा तोच असतो. आमच्याकडे श्रावणातही मास्क लागतो.

अजून एक, झोपेच्या गोळ्या. पेग आणि वर गोळी, हे मी एका नात्यातल्या घरात बघितलंय आणि तेव्हा माझा आवाज चढला होता. दोन्ही गोष्टी श्वास मंदावतात, दोन्ही जाग लांबवतात, आणि ज्याचा घसा रात्री मिटतो अशा माणसाच्या अंगात त्या एकत्र जाणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ आहे. जो डॉक्टर गोळी लिहून देतोय त्याला घोरण्याबद्दल आणि पिण्याबद्दल दोन्ही सांगितलेलं असलं पाहिजे. आणि बायकांनी हे वाचून फक्त नवऱ्याचा विचार करू नये, पाळी गेल्यावर आपल्यातही हा आजार वाढतो, फक्त आपण घोरतो हे आपल्याला कोणी सांगत नाही.

मला आता ओळखीतल्या बायकांचे फोन येतात. मी एवढंच सांगते, की तो झोपल्यावर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढ, चेहरा आणि पोट दोन्ही दिसेल असा, एक न प्यायलेल्या रात्रीचा आणि एक प्यायलेल्या रात्रीचा, आणि डॉक्टरला दाखव. भांडणापेक्षा त्या व्हिडिओने काम लवकर होतं. आणि प्यायलेला माणूस उताणा टाकून आपण झोपायला जाऊ नये, कुशीवर करावं, पाठीला लोड लावावा, आणि हलवूनही जागा होत नसेल, श्वास फारच लांबत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठावं.

परवा धाकट्या जावेचा फोन होता. दिराचं बीपी तीन गोळ्या घेऊन आटोक्यात येत नाहीये, दुपारी खुर्चीतच मान टाकतात, आणि झोप नीट लागावी म्हणून रात्री एक नाइन्टी ठरलेली. व्हिडिओ तिने पाठवला, मी तो बघितला आणि तिला म्हटलं उद्याच नंबर लाव. तीन-तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीमागे अ‍ॅप्निया असणं अगदी नेहमीचं आहे. पुढच्या आठवड्यात स्लीप स्टडी आहे. काल रात्री दिराचाच फोन आला, जरा हळू आवाजात, बहुतेक गॅलरीतून बोलत असावेत. "वहिनी, तो फॉर्म भरायचाय. घेता का, किती घेता, असं विचारलंय. कधीमधी लिहू का?"

म्हटलं, भाऊजी, रोज लिहा. ९० मिली लिहा, आणि शेवटचा घोट किती वाजता घेता आणि आडवे किती वाजता होता तेही बाजूला लिहा.

"बरं," म्हणाले, "थांबा, पेन घेतो."